रडी ले, माय

पेपरात आठवड्यातून एकदा तरी ही ओळ येतेच: 'मान्यवरांनी घरी जाऊन कुटुंबीयांचे सांत्वन केले.' सोबत फोटो. पांढऱ्या कपड्यांतला पाहुणा हात जोडून खुर्चीवर, मागे त्याच्या गाडीतून आलेले चार जण, आणि ज्यांचं सांत्वन झालं ती घरची माणसं फोटोच्या कडेला अर्धी कापलेली. बोलण्यात 'सांत्वन' हा शब्द कुणी वापरत नाही. अमळनेर-पारोळ्याकडे, धुळ्याकडे माणूस गेल्याची खबर आली की लोक म्हणतात, 'दारावर जाऊन येतो.' पत्रिकेतली भाषा बोलणारे 'द्वारदर्शनाला' म्हणतात. 'मी सांत्वन करायला निघालोय' असं म्हणणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर अजून जन्माला यायचाय.

द्वारदर्शन या शब्दाची मागणी किती थोडी आहे, ते बघण्यासारखं आहे. दारापर्यंत या, दार बघा. काय बोलायचं, कसं समजवायचं, याचा त्यात उल्लेख नाही.

सांत्वन मात्र मूळचा बोलण्याचाच शब्द. संस्कृतात 'सान्त्व' म्हणजे गोड बोलून शांत करणं. साम, दान, दंड, भेद यांतला साम आणि हा सान्त्व अमरकोशात एकाच अर्थाचे म्हणून दिलेत. रागावलेला राजा, फुटायला निघालेला सरदार, रुसलेला शेजारी यांना वळवायची ती पहिली युक्ती. म्हणजे या शब्दाच्या पोटात थोडं राजकारण आधीपासूनच होतं, आणि पेपरातल्या फोटोत तो तसा घरी परतलाय म्हणायला हरकत नाही. हिंदीच्या संगतीनं हल्ली पुष्कळ जण 'सांत्वना' लिहितात. मराठीत ते सांत्वन, नपुंसकलिंगी. ते केलं जातं.

बाकीचे शब्दही असेच एकेक करून घराबाहेर गेलेत. आश्वासन घ्या. त्यात 'श्वस्' आहे, श्वास घेणं. धाप लागलेल्याला, हुंदक्यांनी छाती भरलेल्याला पुन्हा नीट श्वास घेता येईल असं करणं म्हणजे आश्वासन. आता ते निवडणुकीत मिळतं. अनुकंपा म्हणजे दुसरा थरथरला की आपणही सोबत थरथरणं; आज अनुकंपा म्हटलं की बापाच्या जागी लागणारी नोकरी आणि जिल्हा परिषदेतली यादी आठवते. दिलासा फारसीतून आला, दिल आणि विश्रांती मिळून झालेला. तो कोर्टात गेला: 'उच्च न्यायालयाचा दिलासा'. दुखवटा सरकारी झाला, झेंडा अर्ध्यावर आला की जाहीर होतो. गळा काढणं तर शिवीच झाली, विरोधकांसाठी राखून ठेवलेली.

घरात उरलं ते अगदी साधं. फुंकर. धीर. आधार. पाठीवरून फिरलेला हात. समजूत काढणं. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी चारांना जीभ लागत नाही.

आणि एक गोष्ट या शब्दांत सलग दिसते, ती उन्हाळ्यात जळगाव-भुसावळला राहिलेल्या माणसाला जास्त पटेल. मराठीतलं दुःख गरम असतं. शोक 'शुच्' धातूतून येतो, आणि त्याचा एक अर्थ जळणं, तापणं असाच आहे. ताप, संताप, होरपळ, जीव पोळला, काळजाला चटका बसला, आतल्या आत जळतोय. उलट बाजूला सगळा गारवा: फुंकर घालणं, जीव निवणं, शांतवणं, सावली, विसावा. ज्याच्या बोलण्यात माया आहे त्याच्यात 'ओलावा' असतो, आणि नुसतं तोंडदेखलं बोलणाऱ्याची सहानुभूती 'कोरडी'. जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दाराशी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात, तिथं कोरडं म्हणजे काय ते कोशात बघावं लागत नाही. गंमत म्हणजे 'परदुःख शीतळ' हीही आपलीच म्हण. दुसऱ्याचं दुःख आपल्याला गारच लागतं. दारावर जाणाऱ्यानं ती म्हण वाटेत एकदा आठवून घ्यावी. जो गार आहे त्यानं तापलेल्याला फार शिकवू नये.

शब्दांचा दुसरा घोळका घराचा आहे. माणूस खचतो, ढासळतो, कोसळतो. त्याला सावरायचं, आधार द्यायचा. धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं ज्या गावांत अजून उभी आहेत, तिथं हे सगळं पावसाळ्यात डोळ्यांनी दिसतं. मातीची भिंत पाणी पिऊन फुगते, मग एका बाजूला कलते. तिला टेकू देतात तो असा: बल्ली तिरपी लावायची, तिचा पाय सपाट दगडावर, वरचं टोक थेट मातीत न घुसवता मधे फळी. मग पायाकडून पाचर हळूहळू आत सारायची, बल्ली भिंतीला टेकली की थांबायचं. उत्साही माणूस इथंच चुकतो. भिंत सरळ करायला म्हणून तो पाचर ठोकत राहतो आणि ओली भिंत पलीकडे झोपते. टेकूनं भिंत सरळ होत नसते. ती आहे तशी, कललेली, वाळेपर्यंत उभी राहते.

आता दार.

खान्देशातल्या दारावर जाण्याला रीत आहे आणि ती बायकांना पुरुषांपेक्षा जास्त येते. पुरुष बाहेर ओट्यावर, सतरंजीवर बसतात. रामराम करायचा, टोपी काढायची, बसायचं. थोड्या वेळानं कुणीतरी 'कसं व्हयनं?' विचारतं आणि घरातला एक जण तीच हकीकत पुन्हा सांगतो. दिवसाला साठ माणसं आली तर साठ वेळा. ज्याचा बाप गेला त्यालाच ती सांगायला लावणं हा शुद्ध अत्याचार आहे, आणि तो टाळायचा उपाय सोपा आहे: पुतण्या, जावई, शेजारचा एखादा जाणता अशा एकाला ओट्याच्या टोकाशी बसवायचं. किती वाजता, कुठल्या दवाखान्यात, डॉक्टर काय म्हणाले, हे त्यानं सांगायचं. मुलाला फक्त बसू द्यायचं.

बायका गल्लीच्या तोंडाशी आल्या की पदर डोक्यावर घेतात आणि तिथूनच हेल निघतो. शहरातून आलेल्या सुनांना हे नाटकी वाटतं. पण कान देऊन ऐकावं. त्या रडण्यात गेलेल्याला हाक असते, नात्यानं: 'मन्हा दादा', 'माय वं'. आणि मागोमाग त्याची कामं येतात. आता कपाशीले पानी कोन देई? पोरीले आखाजीले आणाले कोन जाई? (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.) येणारी बाई घरच्या बाईसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसते, डोकं खांद्यावर टेकतं, दोघींचे आवाज एकमेकींत मिसळतात. ती हळू झाली की ही हळू होते. यात रडणारीला एकटीला कुणी रडू देत नाही, आणि 'रडू नको' असंही कुणी म्हणत नाही. म्हातारी बाई असेल तर उलट म्हणते, 'रडी ले, माय, रडी ले.' रडून घे. मग तिचं तिलाच कळतं की आता पुरे, आणि ती मागे वळून कुणाला तरी सांगते, 'तिले पानी दे.'

त्या पाण्याकडे जरा नीट बघू. सलग रडताना श्वास तुटक होतो, तोंड सुकतं, हातापायांना मुंग्या येतात. एक-एक घोट पाणी पाजलं की गिळण्यासाठी श्वास थांबतो आणि लयीत येतो. 'आश्वासन' शब्दशः होतं ते इथं. तांब्या तोंडाला लावून गटागट पाजायचं नाही, ठसका लागतो. उन्हाळ्यातलं मरण असेल तर हे आणखी जपायचं. सकाळपासून पोटात काही नाही, घर माणसांनी भरलेलं, दाराशी ऊन, आणि म्हाताऱ्या आईला 'एवढ्यात कसं पाणी मागू' असं वाटतं. दुपारी तिला चक्कर येते आणि लोक म्हणतात धसका घेतला. साधं सूत्र आहे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. हवं तर वर लिंबू. मीठ अंदाजानं टाकायचं नाही, जास्त झालं तर अपायच होतो. एका बाईनं ही बाटली आणि पेला घेऊन आईच्या शेजारी बसायचं आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट द्यायचे. बीपी-शुगरच्या गोळ्या कुठे ठेवल्यात हेही तिनंच विचारून घ्यायचं. त्या दिवशी गोळ्या हमखास चुकतात.

चूल बंद असते तेव्हा शेजारघरून अन्न येतं. इथं चूक होते ती प्रमाणाची: पहिल्या दिवशी चार घरांतून चार पातेली येतात, पाचव्या दिवशी कुणीच नाही. आल्यागेल्याचा आणि घरच्यांचा मिळून आकडा काढावा. मुगाच्या खिचडीला माणशी शंभर ग्रॅम कोरडं धान्य धरलं तर पंचवीस माणसांना दीड किलो तांदूळ आणि एक किलो मूगडाळ पुरते. ती नेहमीपेक्षा सैल ठेवायची, कारण सुकलेल्या घशातून मोकळा भात उतरत नाही. पुष्कळ घरांत या दिवसांत फोडणी चालत नाही, तेव्हा आधी एखाद्या थोरल्या बाईला विचारावं. आणि 'जेवून घ्या' असं दारातून सांगून पातेलं ठेवून जाऊ नये. ताट वाढून, शेजारी बसून, 'दोन घास खाई ले वं' म्हणत थांबलं तरच ते पोटात जातं.

बोलायचं काय, हा प्रश्न येतोच. आधी काय बोलू नये ते सांगणं सोपं आहे.

'सुटला बिचारा.' दोन वर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाबद्दल हे खरं असतं. तरी हे वाक्य घरच्यांच्या मालकीचं. ज्या सुनेनं दोन वर्षं अंथरूण-पांघरूण बदललं तिनं ते म्हटलं तर मान हलवावी. पाहुण्यानं आधी म्हटलं की त्याचा अर्थ 'तुम्हीही सुटलात' असा होतो, आणि तो तिला ऐकू येतो.

'वय झालंच होतं.' नव्वदीच्या आईसाठी रडणारा मुलगा सत्तरीचा असला तरी त्या क्षणी तो कुणाच्या वयाचा हिशेब करत नसतो. 'देवाला चांगली माणसं लवकर लागतात' हे तरण्या माणसाच्या मरणावर बोलतात. ऐकणाऱ्या आईला त्या देवाचा राग येतो, आणि तो राग बाहेर काढायची सोय नसते. 'आमच्या मामांचंही अगदी असंच झालं' म्हणून सुरू झालेली गोष्ट पाच मिनिटांत मामांच्या शेतीच्या वाटणीपर्यंत पोचते. सगळ्यांत घातक वाक्य मात्र वेगळं आहे: 'वेळेत नाशिकला हलवायला पाहिजे होतं.' बोलणारा ते हुशारी म्हणून बोलतो. ज्यानं त्या रात्री गाडी शोधली, पैसे जमवले आणि नाशिकऐवजी जळगावला न्यायचं ठरवलं, तो ते वाक्य पुढची वीस वर्षं रात्री ऐकतो. शेतकऱ्यानं स्वतःचा जीव घेतला असेल त्या घरी 'कर्ज किती होतं?' हा प्रश्नही त्याच जातीचा. त्या घराला आकडे विचारणारे सरकारी लोक येऊन गेलेले असतात.

'खंबीर राहा' याला लोक निरुपद्रवी समजतात. थोरल्या मुलाला हे दहा दिवसांत शंभर जण सांगतात, 'तूच असं केलंस तर आईनं कुणाकडे बघायचं?' तो राहतोही खंबीर. मांडव, पत्रिका, भांडी, पंगत, सगळं उरकतो. मग कधीतरी दीड महिन्यानं, बापाच्या मोटारसायकलचं पेट्रोल भरताना पंपावरच त्याला रडू फुटतं आणि आपल्याला काय झालंय ते त्याचं त्यालाच कळत नाही. ही टेकूची पाचर ठोकत राहिल्यागत गत.

लहान मुलांशी बोलताना आपण आणखीच गोंधळ घालतो. 'बाबा झोपलेत' म्हटलं की पोर रात्री झोपायला घाबरतं. 'गावाला गेलेत' म्हटलं की ते वाट बघतं, आणि मला न सांगता का गेले म्हणून रुसतं. सरळ 'बाबा वारले' म्हणावं. शरीर बंद पडलं, आता ते परत येणार नाहीत, आणि तुझ्यामुळे काही झालेलं नाही. हे शेवटचं वाक्य मुलानं विचारलं नाही तरी सांगायचं. मुलं बहुधा ते मनातच विचारतात.

बोलण्याजोगं एवढंच उरतं: गेलेल्याचं नाव, आणि त्याच्याबद्दलची एक खरी, लहान गोष्ट. 'आमची विहीर खणताना नानांनी दोन दिवस बैलजोडी दिली होती, भाडं घेतलं नाही.' बस. असं वाक्य घरच्यांना ठाऊक नसलेले नाना त्यांच्या हाती देऊन जातं. सुरतेत उधन्याला, पुण्याला चाकणला राहणाऱ्यांना दारावर येणं जमत नाही. ते ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि 'भावपुर्ण श्रध्दांजली' टाकतात, दोन्ही शब्द अशुद्ध. त्याऐवजी घरच्या माणसाला स्वतंत्र तीन ओळी लिहाव्यात: नाव, आठवण, आणि मी अमुक दिवशी येतोय. आवाजाचा मेसेज पाठवू नये, भरल्या घरात तो कुणाला लावता येत नाही.

'काही लागलं तर सांग' हे वाक्य मी मुद्दाम मागे ठेवलं. ते खोटं नसतं, पण त्यात सगळं ओझं समोरच्यावर टाकलेलं असतं: काय लागतंय ते शोध, मागायची लाज गिळ, मला फोन कर. त्याच्या जागी कामाचं नाव घ्यावं. 'या आठवड्यात लाइट रात्रीची आहे, मोटर मी चालू करतो.' 'केळीचा घड उतरवायचा झालाय, व्यापाऱ्याला मी बोलावतो, विक्रीची पट्टी तुझ्या हातात देतो.' वेचणीला आलेला कापूस सुतक पाळत नाही.

कागदपत्रांचं काम जाणणाऱ्या माणसाइतका धीर तर कुणीच देत नाही. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत फुकट होते, आणि ती जिथं मृत्यू झाला तिथं होते. माणूस गावचा असला तरी जळगावच्या दवाखान्यात गेला असेल तर नोंद महानगरपालिकेत, ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. नाव आधारकार्डावर आहे अगदी तसंच लिहून द्यायचं. 'पाटील' आधी की नंतर, 'दगडू' की 'दगडूभाऊ' यावरून पुढे वर्षभर अडतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच मागून घ्याव्यात. सातबाऱ्यावर वारस लावायचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत. गेलेल्याचं एटीएम वापरून पैसे काढायचे नाहीत, पिन माहीत असला तरी. पुढे भावाभावांत तेच निघतं. आणि पासबुक घेऊन मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या ओळी वाचायच्या. तिथं 436 रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी दोन लाख. 20 रुपये कापलेले असतील तर ती सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला दोन लाख. सर्पदंश, वीज, विहिरीत पडणं असं काही असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, म्हणून 'कशाला चिरफाड' म्हणून घाईनं अग्नी देण्याआधी कुणीतरी शांत डोक्याचा माणूस तिथं हवा. पासबुकातली ती एक ओळ कुणी वाचलीच नाही म्हणून पैसे पडून राहिलेली घरं असतात.

उत्तरकार्य, गंधमुक्ती आटोपते. मांडव सुटतो, भाड्याची भांडी मोजून परत जातात, सुरतवाले रात्रीची गाडी पकडतात. खरं रिकामेपण तेव्हा घरात शिरतं, आणि नेमकं तेव्हा दारावर कुणी येत नाही कारण रीत संपलेली असते. पहिली आखाजी येते. दरवर्षी पितरांसाठी भरायची घागर, तिच्यावरचं डेरगं म्हणजे लहान मडकं, सांजोऱ्या, आंबा. मागच्या साली ज्याच्या हातानं पूजा झाली त्याच्याच नावानं आता ती भरायची. असल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी कुणी चक्कर टाकली तर बरं.

किती दिवस चालतं हे? त्याला माप नाही, पण खूण आहे. सहा महिने उलटून गेले तरी माणूस रोजच्या रोज तिथंच अडकलेला, खाणं-झोप-काम काहीच पूर्वपदावर नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतो, तर तो दुबळा आहे असं समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा लांबलेल्या शोकाची आता आजारांत गणना केलीय आणि त्याला उपचार आहेत. मरणाची भाषा निघाली तर सहा महिने मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. 14416 या टेलिमानसच्या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही. फोन लावून द्यावा आणि आपण ओट्यावर जाऊन बसावं.

एरवी मात्र विसाव्या-पंचविसाव्या दिवशी नुसतं जावं, निमित्त काढून. हात रिकामे नकोत. घरची बाई दादर ज्वारी पाखडत बसली असेल तर दुसरं सूप घ्यावं. खडे वेगळे, काळे दाणे वेगळे, काडीकचरा उडवून लावायचा. पावसाचं, बाजाराचं, कुणाच्या म्हशीचं बोलणं निघेल, नाहीतर निघणार नाही. मग मधेच, सुपाकडे बघत ती म्हणते, 'त्यासले पातय भाकर लागे.'

अशा वेळी सूप थांबवायचं नाही. 'किती पातळ?' एवढं विचारायचं.